डब्यातला आवाज

वरठी,
दिवाळीनंतरच्या मंडई-जत्रांचे दिवस

प्रिय जीवन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला ठेवशील, ही धास्ती घेऊनच लिहायला बसलो आहे. तुझ्या पुतणीचे, खुशबूचे फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. फोडलं असशील तर एवढं कर, शेवटपर्यंत वाच. मी माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगतो. लाखांदूरच्या सभेत जे बोललो तो मुद्दा मी मागे घेतलेला नाही आणि घेणारही नाही. आपल्या बापानं छप्पन साली नागपूरच्या मैदानावर जे सोडलं, ते तू घरभरणीला पाटावर मांडलंस, पोथी वाचवलीस, प्रसाद वाटलास आणि वर मला म्हणालास, 'दादा, सासरच्यायच्या मनासाठी केलं, मनातून नाही केलं.' मनातून नव्हतं तर केलंस कशाला, हा माझा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. तू भर सभेतून उठून गेलास. जिल्हा फुटून भंडारा आणि गोंदिया झाले, तसेच आपणही फुटलो; तू देवरीकडचा झालास, मी इकडचा राहिलो. ते सगळं जिथं आहे तिथं राहू दे. आज दुसरं सांगायचं आहे.

माझा आवाज गेला, जीवन. तुझ्या कानावर आलं असेल; झाडीपट्टीत बातमी नाटकमंडळींच्या गाडीतूनच फिरते. बसला नाही, गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी गळा उघडला आणि स्वरयंत्रच काढून टाकलं. आता मी मानेला पाडलेल्या भोकातून श्वास घेतो, वर मऊ फडकं बांधतो. भाषणाआधी एक खर्रा, भाषणानंतर एक, हा माझा नेम तुला माहीत आहे. जातीवर, भांडवलावर, मंत्र्यांवर तोफ डागायची कधी सोडली नाही, आणि ती डागताना गालात घोटलेली सुपारी-तंबाखू. तूही नाटकात एन्ट्रीआधी विंगेत तोंड भरतोस. हे पत्र मिनिटभर खाली ठेव, खिशातली खर्ऱ्याची पन्नी फेकून ये, मग पुढचं वाच.

पहिले काही महिने पाटी होती. ज्यानं चौकात उभं राहून माणसांना जागचं हलू दिलं नाही, तो पाटीवर 'पाणी', 'उशी', 'पंखा बंद' असं लिहायचा. वाद घालायला जावं तर माझी ओळ अर्धी होईपर्यंत समोरचा विषय बदलून मोकळा. शहापूरच्या पोरांनी एकदा सभेला नेलं, हार घातला, मंचावर मधल्या खुर्चीत बसवलं. सगळे माझ्याविषयी भरभरून बोलले. मी ऐकत होतो आणि वाटत होतं, आपण आपल्याच शोकसभेला वेळेवर येऊन पोहोचलो.

पण खरी गोष्ट सभेची नाही, मायची आहे. तिला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. गावी तिला सांभाळणारी आपली सत्यवती म्हणाली, 'दादा, तिचे डोळे तं गेलेच हायेत. आता हेही आयकवाल तं माय उरणार नाही.' तुझ्या वहिनीचं, सुमनचंही तेच मत पडलं. मी ऑपरेशनला चाललो होतो, वाद घालायची ताकद नव्हती, मान हलवली. मायला सांगितलं, परसराम दौऱ्यावर आहे. दौरा तिला नवा नाही. पण मी कुठंही असलो तरी दिवेलागणीला तिला फोन करायचो, हे तुला ठाऊक आहे. आमचं बोलणं तरी काय? 'माय, जेवली का?' 'जेवली. तू?' 'आता बसतो.' 'कायची भाजी?' एवढंच. तेवढ्यावर ती झोपायची. तो फोन थांबला. काही दिवस तिनं सोसलं, मग रोज विचारू लागली, 'सत्ते, तो बोलून काहून नाही राहिला माह्यासंग? मी काही बोलली का त्याले?' चूक तिची असेल असं तिला वाटायला लागलं होतं, जीवन. हे कळलं त्या दिवशी मी पाटी भिंतीवर फेकली. फुटली. खुशबूनं तुकडे गोळा केले आणि म्हणाली, 'बाबा, तुमचा आवाज गेला कुठं? कपाटात पडून हाये ना.'

कपाटात म्हणजे कॅसेटी. तू आणि मी मिळून साठवलेल्याच त्या, अर्ध्यांवर तुझ्या अक्षरात गावांची नावं आहेत. खुशबू नागपूरला एका कंपनीत विजेच्या मीटरांसारख्या लहान यंत्रांसाठी प्रोग्राम लिहिते. तिनं रजा टाकली. सुमन आणि ती मिळून कॅसेटी ऐकायच्या आणि माझं भाषण शब्दाशब्दानं कापायच्या, धानातून खडे वेचावेत तसे शब्द वेचायच्या. मग तिनं आपल्या शाळेच्या स्टीलच्या डब्यात एक लहानसा बोर्ड बसवला, स्पीकर लावला, बाजूला कळफलक जोडला. मी टाइप करायचं, डब्यानं माझ्या आवाजातला तो तो शब्द शोधायचा, एकापुढे एक जोडायचा आणि वाक्य पुरं झालं की बोलायचं. मोबाइलवरच का करत नाहीस, असं मी लिहून विचारलं. ती म्हणाली, 'आजीच्या गावाले फोन लागते, नेट नाही चालत. तुमच्या सभाही तशाच गावायत. डब्याले कोणाची गरज नाही पाहिजे.'

डबा लहान, त्याची मेमरी लहान, म्हणून तिनं प्रोग्राम 'सी' नावाच्या जुन्या भाषेत लिहिला. ही भाषा यंत्राच्या अंगाला भिडून चालते. तिच्यात लागेल तेवढी मेमरी लिहिणाऱ्यानं स्वतः मागून घ्यायची, स्वतः सांभाळायची आणि काम झालं की स्वतः परत करायची. मागं उभं राहून सावरणारं कोणी नाही. मला ती लगेच आवडली. मी लिहिलं, 'स्वाभिमानी भाषा आहे.' खुशबू हसली, 'दोन दिवस थांबा, मंग बोला.'

पहिला शब्द मी टाइप केला तो 'सुमन'. डब्यातून माझा आवाज आला, भोंग्याच्या घुमाऱ्यासकट. सुमन स्वयंपाकघरातून पिठाचे हात घेऊन धावत आली आणि दारात उभी राहून माझ्याकडे नाही, डब्याकडे बघत राहिली. त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येक वस्तूचं नाव घेतलं. मग धीर आला आणि म्हटलं, होऊन जाऊ दे एक भाषण. टाइप करत गेलो, करत गेलो, आणि डबा मेला. खुशबूच्या लॅपटॉपवर तांबडी ओळ आली. तिचा अर्थ तिनं सांगितला: प्रोग्रामनं स्वतःची नसलेल्या मेमरीला हात लावला, म्हणून त्याला जागीच थांबवलं. माझं डोकं फिरलं. हात लावला म्हणून जीव घ्यायचा, हा कायदा मोडायला आपल्या पिढ्या गेल्या, आणि माझ्या आवाजाच्या डब्यात तोच कायदा? मी नव्या पाटीवर खच्चून लिहिलं. पोरगी शांतपणे म्हणाली, 'बाबा, इथं हद्द कोणाले कमी लेखाले नाही आखली. बाजूच्या जागेत दुसऱ्याचं सामान ठेवून राहते. तुमी पाय दिला तं त्याचं फुटते.'

काय फुटतं ते मला पुढच्या दिवशी कळलं. सगळं नव्यानं सुरू केलं होतं. मी एक लांबलचक वाक्य दिलं. ते अर्धंमुर्धं बोलून डबा या वेळी मेला नाही, नुसता गप्प झाला. मग मी साधं टाइप केलं, 'सुमन, पाणी दे.' आणि डबा माझ्या आवाजात, आपल्या त्या सभेतल्या आवाजात, म्हणाला, 'तो माझा भाऊ नाही.' सुमननं हातातला पेला ओट्यावर ठेवला आणि आत निघून गेली. खुशबूनं मला समजावलं. कोणता शब्द कोणत्या जागी ठेवला आहे याची यादी मेमरीत वाक्याच्या शेजारीच होती. वाक्य हद्द ओलांडून त्या यादीवर लिहिलं गेलं, पत्ते बिघडले, पाण्याच्या पत्त्यावर दुसरंच काही सापडलं. तिचं सगळं मला पटलं. तरी त्या दिवशी मी डब्याला पुन्हा हात लावला नाही.

मग तिचा शोध सुरू झाला आणि माझा जीव टांगणीला. सत्यवतीचा फोन रोज यायचा, माय आज अर्धीच पोळी जेवली, माय आज अंगणात बसून राहिली. इकडे खुशबू चूक पकडायला प्रोग्राममध्ये जागोजाग पहारे बसवायची. इथपर्यंत पोहोचलास का सांग, इथपर्यंत आलास का सांग. पहारे बसवले की डबा शहाण्यासारखा बोलायचा. काढले की मरायचा. शिपाई उभा असेपर्यंत चोर फिरकत नाही, तसं. तिनं सांगितलं की पहारे घातल्यानं मेमरीतल्या वस्तूंच्या जागाच सरकतात, म्हणून चूक लपते, जात नाही. मी लिहिलं, 'मग पहारे तसेच राहू दे.' ती म्हणाली, 'आन् आजीसोबत बोलताना बिघडलं तं?' मी पाटी पुसली.

दुसरी गोष्ट आणखी विचित्र. आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा एक प्रोग्राम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. त्याला सांगितलं की जसंच्या तसं उतरव, तर डबा मरायचा नाही, पण इतका हळू चालायचा की मी प्रश्न आज विचारावा आणि उत्तर सभा उठल्यावर यावं. त्याला सांगितलं की काटछाट करून वेगवान कर, तर आवाज झटक्यात यायचा आणि लांब वाक्यावर मरायचा. तोच मजकूर, तीच पोरगी, तोच डबा. तिचे डोळे लाल झाले. तिची रजा संपत आली होती. एकदा ती कळफलकावर डोकं टेकून म्हणाली, 'मले येत नाही बाबा हे. मी मीटर बनवनारी हाये. मी कायले हात घातला यात?' आणि जीवन, मी जो हजारोंना उठवून उभं करायचो, मला तिच्या डोक्यावर हात ठेवण्यापलीकडे काही करता आलं नाही. माझ्याकडं तेव्हा एक वाक्य असतं तर! एकच!

शेवटी तिनं कंपायलरनं उतरवलेला मजकूरच वाचायला घेतला. यंत्राची भाषा, रुक्ष, ओळीमागून ओळ. डाव्या हाताला तिनं लिहिलेलं, उजव्या हाताला त्यानं उतरवलेलं, आणि बोट ठेवून जुळवत चालली. एका ठिकाणी बोट थांबलं. तिनं एक पहारेदार ओळ लिहिली होती: वाक्याची लांबी मोजता मोजता आकडा उणे झाला तर थांब. उजव्या बाजूला ती ओळ नव्हतीच. कापून टाकली होती. तिच्या लांबीच्या आकड्याला मर्यादा होती; मोटरसायकलच्या मीटरसारखा तो भरला की उलटतो, आणि हा उलटून उण्यात जातो. म्हणून तिनं ती ओळ घातली. पण त्या भाषेचा नियम असा की दोन जमेच्या आकड्यांची बेरीज उणे होऊच शकत नाही. होत असेल तर पुढं काय घडेल त्याला कोणी जबाबदार नाही. कंपायलरनं विचार केला, जे घडूच शकत नाही ते विचारायचं कशाला? प्रश्नच काढून टाकला. वेग वाढला.

मी भडकलो. मला हा माणूस ओळखीचा वाटला. तहसीलमध्ये, ठाण्यात, चौकशी समितीत हाच बसलेला असतो. 'आमच्या हद्दीत असं काही घडत नाही, मग तक्रार कशाची?' मी त्या भाषेचा नियमग्रंथच खुशबूकडून मागून घेतला आणि संविधान वाचतो तसा कलमाकलमानं वाचला, पेन्सिलीनं रेघा मारल्या. सगळं कळलं असं नाही, पण ते कलम सापडलं, आणि मी कंपायलरविरुद्ध पाटीवर आरोपपत्र लिहायला घेतलं. खुशबूनं पाटी काढून घेतली. 'बाबा, तो बेइमान नाही. त्यानं कायदा पाळला. मीच प्रश्न अशा रीतीनं विचारला का कायद्यात तो बसत नाही. आकडा उलटल्यावर विचारून काय फायदा? उलटायच्या आधी विचाराले पाहिजे, जागा उरली का म्हणून.' आणि पाटी माझ्या हातात परत देत, 'पन एक सांगा. एवढं लांब वाक्य असते का कोणाचं? मी दहा जणायच्या हिशेबानं जागा ठेवली होती. तुमी पूर्णविराम देतच नाही!'

हे खरं आहे. तूच एकदा म्हणाला होतास, दादाच्या वाक्यात माणसानं शिरायचं तर भाकर बांधून शिरावं. वाक्य संपलं की लोक टाळ्या वाजवतात, आणि मुद्दा पोहोचण्याआधी मला टाळी नको असते. म्हणून मी वाक्य संपवत नाही, चढवत नेतो. डबा पूर्णविरामाची वाट बघत शब्द साठवत राहायचा, मी तो देत नव्हतो, आणि आकडा उलटायचा. तिनं प्रश्न आधी विचारायला लावला, जागा भरत आली की तेवढं बोलून घे आणि जागा मोकळी कर, असं सांगितलं. मग मी तिला वाटेल तेवढं मोठं वाक्य दिलं. डबा बोलत राहिला. सुमननं साखर वाटली. दिवाळी नंतर आली, पण घरात ती त्या दिवशीच झाली होती.

दिवेलागणीला आम्ही मायला फोन लावला. ऐन वेळी बोट चुकू नये म्हणून मी आधीच टाइप करून ठेवलं होतं: 'माय, जेवली का? मी परसराम. घसा धरला होता.' सत्यवतीनं फोन तिच्या कानाला लावला. खुशबूनं डबा फोनजवळ धरला. आणि डबा बोलला. तेव्हा कुठं मला उमगलं की आम्ही सगळे दिवस मेमरी तपासली, पण त्या मेमरीत काय भरलंय ते ऐकलंच नाही. माझ्या सगळ्या कॅसेटींमध्ये 'माय' हा शब्द एकाच ठिकाणी होता. चळवळीतल्या भैय्यालालची आई गेली तेव्हाच्या शोकसभेत. 'जेवली' कुठल्याशा मोर्चातलं, त्याच्यामागे टाळ्या. 'का' मंत्र्याला विचारलेला. मी आयुष्यभर लोकांशी बोललो ते साठलं. घरात बोललो ते कुणी साठवलं?  पलीकडून मायचा आवाज आला, 'सत्ते, ही कॅसेट कोनं लावली?' मी घाईघाईनं टाइप केलं, 'मीच आहे, माय.' पुन्हा तोच शोकसभेतला 'माय'. ती म्हणाली, 'गावातला भोजराज मेला तवा त्याची कॅसेट अशीच लावली होती चौकात. मले सांगा ना सरळ. गेला का माहा परसराम?' डबा माझ्या हातात होता, जीवन, दुरुस्त झालेला, एकही चूक नसलेला, आणि मला त्यातून तिला जिवंत वाटेल असा एक शब्द काढता आला नाही.

दुसऱ्याच दिवशी एस.टी. धरून लाखांदूरला गेलो, तिथून गावी. डबा घरीच ठेवला. शेतात धानाची कापणी चालली होती, ओळखीची माणसं हात करत होती. माय ओसरीवर बसली होती. मी समोर बसलो, तिचे हात माझ्या तोंडावर नेले. तुला माझ्या मिशा आठवतात. उपचारात त्या गेल्या, पुन्हा आल्या नाहीत. गाल सुजून जबडा निराळा झाला आहे. तिची बोटं ओठावर थांबली, गालावर फिरली, मग मानेकडं उतरू लागली. फडक्याला लागली आणि मी तिचं मनगट धरलं. का धरलं? त्या भोकात तिचं बोट गेलं तर आपलं पोर कुठं संपलं ते तिला कळेल, एवढंच त्या क्षणी मनात होतं. तिनं हात काढून घेतला, पदर सारखा केला. 'कोन हो बाबू तुमी? परसरामचे दोस्त का?' मी तिचा हात दाबला. 'बसा. लांबून आले असान. सत्ते, यायले चहा ठेव. रडू नका बाबू. लई लोकं जागे केले त्यानं.' सत्यवती ओरडली, 'माय, हा परसरामच होय वो!' माय म्हणाली, 'मले नको फसवू. माह्या परसरामच्या तोंडाले कुलूप लागन का?'

मी चहा प्यालो, जीवन. माझ्याच मरणाला भेटायला आलेल्या पाहुण्यासारखा बसून, तिनं दिलेला चहा प्यालो आणि उठून आलो.

त्या दिवसापासून ती पेजेशिवाय काही घेत नाही. 'त्याची राख आना, मंग जेवीन' म्हणते. कोण समजावणार? जे घडूच नये म्हणून आम्ही तिचा प्रश्न काढून टाकला होता, ते तिच्यापुरतं घडून गेलं आहे. खुशबू कामावर परत गेली. जाताना म्हणाली, 'बाबा, घरातला तुमचा आवाज मी कुठून आनू?' उत्तर मला माहीत होतं. तो आवाज एकाच जागी आहे. तू लहानपणी दाराआडून माझ्या आवाजात 'माय, भूक लागली' म्हणायचास आणि माझ्या वाट्याचे तिळाचे लाडू घेऊन पळायचास. मी आलो की ती मलाच ओरडायची, 'आत्ताच तं देल्ले!' माझ्या भाषणाची नक्कल झाडीपट्टीत कोणीही करतो. घरातल्या माझी नक्कल फक्त तू केलीस, आणि ती एकदाही फसली नाही. म्हणून हे पत्र. तुझा सीझन चालू आहे, रोज प्रयोग आहेत, मला ठाऊक आहे. पण एक रिकामा दिवस काढ आणि गावी ये. मी मायसमोर बसेन, तू माझ्या मागं बस. नाटकात तुझा प्रॉम्प्टर ओळ पुढं सरकवतो तशी मी पाटीवर सरकवत जाईन, तू माझ्या आवाजात म्हण. खोटं मी एक अक्षर लिहिणार नाही. तुझा दादा तुला तेवढा ओळखीचा आहे. आधी लिहीन, 'माय, जेवली का?' ती उत्तर देईल. मग लिहीन की गळा कापला, आवाज गेला, हा आवाज जीवनचा आहे आणि शब्द माझे आहेत. आणि मग तिचा हात मी स्वतः मानेवर नेईन, फडकं सोडेन. या वेळी मनगट धरणार नाही. तुझ्या-माझ्या भांडणाचा मुद्दा आहे तिथंच राहील, परतताना एस.टी.त बसून भांडू, तू तोंडानं, मी पाटीवर. पण पेजेवर ती किती दिवस काढेल ते मला सांगता येत नाही, तेव्हा उत्तर लिहीत बसू नकोस, सरळ ये. आता सहीची वेळ आली. डब्यात 'भाऊ' हा शब्द एकच आहे, तो त्या सभेतला. खुशबू म्हणाली, काढून टाकते. मी म्हटलं, राहू दे, तो मी बोललो होतो. पण इथं हातानं लिहितो आहे, तू वाचशील त्या आवाजात तो येऊ दे.

तुझाच भाऊ,
परसराम